फिल्टर नवा, तरी सकाळी ऑइलचा दिवा रेंगाळतो: ऑफ-रोड पिकअपसाठी फिल्टर निवडताना

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. फोर बाय फोर पिकअप, डिझेल इंजिन, ऑइल आणि फिल्टर नुकताच बदललेला. सकाळी गाडी चालू केली की ऑइलचा लाल दिवा लगेच विझत नाही, तीन-चार सेकंद रेंगाळतो. तेवढ्यात वरून खडखड ऐकू येते. मग सगळं शांत. दुपारी पुन्हा स्टार्टर मारला तर दिवा झटकन विझतो, आवाजही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

यावर दोन सल्ले ठरलेले असतात. एक म्हणजे ‘पंप गेला’ आणि दुसरा ‘जाड ऑइल टाका’. पहिल्यात चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवायचा खर्च आहे. दुसरा वरवर स्वस्त दिसतो, पण तो दुखणं वाढवतो. कसं, ते पुढे येईलच. या दोन्हींच्या आधी फिल्टर तपासायला हवा. नुसता ‘नवा आहे की जुना’ एवढंच नाही, तर ‘या इंजिनाचा आहे का’ हे बघायला हवं.

आधी फिल्टरच्या पोटात काय असतं ते बघू

आपल्याकडे बोलेरो कॅम्पर, गेटअवे, झेनॉन, योद्धा, व्ही-क्रॉस, हायलक्स अशा गाड्या मुरमाच्या आणि चिखलाच्या रस्त्यांवर जातात. इंजिनानुसार फिल्टरचे दोन प्रकार दिसतात. एक पत्र्याचा डबा, जो अख्खा फिरवून बसवतात. दुसरा नुसता कागदी एलिमेंट, जो इंजिनावरच्या झाकणाच्या घरात बसतो. तुमच्या इंजिनाला कोणता लागतो हे मॅन्युअल किंवा चॅसी नंबरवरून पक्कं करा. एकाच मॉडेलमध्ये बीएस ४ आणि बीएस ६ इंजिनांचे पार्ट वेगळे असू शकतात, त्यामुळे काउंटरवर नुसतं मॉडेलचं नाव सांगून फिल्टर आणू नये.

डब्याच्या तोंडाकडे बघितलं तर मधे आट्यांचं मोठं भोक आणि भोवती छोट्या भोकांची रांग दिसते. ऑइल छोट्या भोकांतून आत शिरतं, कागदाच्या बाहेरच्या बाजूने आत गाळलं जातं आणि मधल्या भोकातून इंजिनात जातं. छोट्या भोकांच्या मागे रबराची एक चकती असते. तिला गॅरेजमध्ये नॉन-रिटर्न म्हणतात. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं ऑइल उलटं चेंबरमध्ये उतरू नये, एवढंच तिचं काम. डब्यात आणखी एक स्प्रिंगचा वाल्व असतो, तो बायपास. कागद चोंदला किंवा थंड ऑइल फार घट्ट असलं, तर इंजिन कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं ऑइल गेलेलं परवडलं, म्हणून तो उघडतो.

सकाळच्या खडखडाटाचा पहिला संशय त्या रबरी चकतीवर घ्यायचा. ती नीट बसत नसेल तर रात्रभरात डबा रिकामा होतो. सकाळी पंपाला आधी डबा भरावा लागतो, मगच दाब पुढे पोचतो. तोवर टर्बोचं बेअरिंग आणि वरचा हेड जवळजवळ कोरडाच फिरतो. दिव्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बार एवढ्या कमी दाबालाच विझतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ दाब पुरेसा झाला असा नाही. तो विझल्यावरही लगेच ॲक्सिलरेटर दाबायचा नसतो.

दोष फिल्टरचाच आहे का?

सोपी चाचणी आधी करा. एका रात्री गाडी सपाट जागेवर लावा, दुसऱ्या रात्री नेहमीच्या जागी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पुष्कळांची नेहमीची जागा उताराचीच असते. दोन्ही सकाळी दिवा किती वेळ राहतो ते फोनवर शूट करून ठेवा. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, कारण कान टवकारून बसलं की दोन सेकंदही फार वाटतात. उतारावर लावल्यावरच त्रास होत असेल, तर ऑइल परत उतरतंय ही शंका बळावते.

मग फिल्टर कोणत्या कोनात बसलाय ते बघा. तोंड वर आणि बूड खाली असा लटकलेला डबा गुरुत्वाकर्षणानेच भरलेला राहतो, त्याला नॉन-रिटर्नची गरज कमी. आडवा किंवा तोंड खाली असा बसवलेला डबा मात्र पूर्णपणे त्या चकतीच्या भरवशावर असतो. तुमचा फिल्टर आडवा असेल आणि रात्रभर उभ्या गाडीचा डबा सकाळी स्टार्टर न मारता उतरवल्यावर जवळजवळ रिकामा निघाला, तर निकाल लागलाच. तो भरलेला निघाला तर फिल्टरला सोडून द्या आणि पुढे शोधा: पंपाच्या शोषण पाइपच्या ओ-रिंगमधून हवा शिरत असेल, किंवा दाब सोडणारा वाल्व कचऱ्याने अर्धवट उघडा अडकला असेल.

चकतीची आणखी एक घरगुती तपासणी आहे. उतरवलेल्या डब्यात थोडं ऑइल घाला, मधलं भोक रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि डबा तोंड खाली करून धरा. भोवतालच्या छोट्या भोकांतून धार लागली तर चकती गेलेली. एखाद-दुसरा थेंब चालतो. नवा फिल्टर बसवण्याआधी हे करून बघितलं तर दुकानातूनच सदोष आलेला डबाही पकडता येतो.

ही चकती का जाते? स्वस्त फिल्टरमध्ये ती साध्या नायट्राइल रबराची असते. इंजिनाच्या उष्णतेने काही महिन्यांत ती कडक होते आणि थंडीत अजूनच ताठरते. निफाड, महाबळेश्वरकडच्या डिसेंबरमधल्या पहाटे हा त्रास जास्त जाणवतो त्यामागे हेही एक कारण आहे. सिलिकॉनची चकती उष्णतेला आणि थंडीलाही मऊ राहते. आडव्या फिल्टरच्या गाडीला सिलिकॉन चकतीचा फिल्टर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. फरक काही शे रुपयांचा असतो. सिलिकॉन बहुधा केशरी किंवा लालसर रंगाचं येतं, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. उत्पादकाच्या कॅटलॉगमध्ये तसं लिहिलेलं असलं पाहिजे.

एलिमेंटवाल्या इंजिनात नॉन-रिटर्न बहुतेक करून घरातच असतो. तिथे सकाळचा दिवा रेंगाळला तर घराच्या झाकणाची ओ-रिंग आणि एलिमेंटचं बूड बघा. काही डिझाइनमध्ये एलिमेंटच्या खाली एक छोटी प्लॅस्टिकची पिन असते, ती ऑइल परत उतरण्याचं भोक बंद करते. बिनपिनेचा ‘तसाच दिसणारा’ एलिमेंट घातला की भोक उघडं राहतं आणि ऑइल वरच्या वर चेंबरला निघून जातं. जुना आणि नवा एलिमेंट टेबलावर शेजारी ठेवून बघितले तर ही गफलत लगेच कळते. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर त्यावर किती घट्ट करायचं तो टॉर्कचा आकडा बहुधा कोरलेला असतो, सहसा २५ न्यूटन-मीटरच्या आसपास. पान्याने जीव खाऊन आवळलं की झाकणाला तडा जातो, आणि तो तडा दिसतो थेट पुढच्या ट्रिपला.

‘आटे बसले ना, मग झालं’ हे चालत नाही

गाव-तालुक्याच्या दुकानात नेमका फिल्टर मिळाला नाही की ‘हा पण बसतो’ म्हणून दुसरा पुढे येतो. सगळ्यात मोठा धोका इथे आहे. फिल्टरच्या आट्यांची दोन मापं एकमेकांच्या फार जवळची आहेत. एक एम २० बाय १.५, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर १.५ मिलिमीटर. दुसरं पाऊण इंच, इंचाला १६ आट्यांचं, म्हणजे व्यास १९.०५ मिलिमीटर आणि दोन आट्यांतलं अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर. पाऊण इंची स्टडवर, म्हणजे इंजिनावरच्या आट्यांच्या नळीवर, एम २० चा डबा चढतो. थोडा सैल फिरतो, पण गॅस्केट (डब्याच्या तोंडावरची रबरी रिंग) टेकतं आणि हाताला घट्ट झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आट्यांच्या फक्त टोकांनी तो धरून ठेवलेला असतो. थंड इंजिनाचा दाब आणि दगडधोंड्यांवरची थरथर मिळून तो कधी सुटेल सांगता येत नाही. सुटला तर चेंबर रिकामा व्हायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आटे, गॅस्केटचा व्यास आणि बायपासचा दाब, तिन्ही जुळले तरच फिल्टर ‘बसतो’ म्हणायचं. नवा डबा हाताने फिरवताना जुन्यापेक्षा जास्त डुगडुगतो का, तेवढेच आटे घेतो का, ते पाहा. जुना डबा उतरवताना कधी कधी स्टडच त्याच्याबरोबर निघून येतो, तेही बघून घ्या. आणि जुनं गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना? त्यावर दुसरं गॅस्केट बसलं की काही किलोमीटर सगळं ठीक असतं, मग एकदम ऑइल उडतं. फिल्टरभोवती ऑइल पाझरण्याच्या तक्रारींत हे कारण इतक्या वेळा निघतं की बोट फिरवून पाहिल्याशिवाय नवा डबा लावूच नये.

गॅस्केटला ताजं ऑइल चोळा, ते टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण ते एक फेरा आणखी. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर त्याप्रमाणे. पट्ट्याचा पाना काढण्यासाठी आहे, लावण्यासाठी नाही.

बायपास, जाड ऑइल आणि मायक्रॉनची जाहिरात

बायपास किती दाबाच्या फरकाला उघडतो हे इंजिनागणिक वेगळं असतं. ढोबळमानाने अर्धा ते दोन बारच्या पट्ट्यात ते आकडे दिसतात. काही इंजिनांत हा वाल्व ब्लॉकमध्येच असतो, अशा ठिकाणी डब्यातला वाल्व नसला तरी चालतं. पण ब्लॉकमध्ये वाल्व नसलेल्या इंजिनाला बिनबायपासचा डबा लावला तर चोंदल्यावर कागद फाटू शकतो, आणि मग सगळा साठलेला कचरा बेअरिंगच्या वाटेला लागतो.

आता जाड ऑइलकडे. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात ‘आवाज कमी होईल’ म्हणून २०डब्ल्यू-५० घातलं, तर थंड सकाळी ते कागदातून लवकर जात नाही. बायपास जास्त वेळ उघडा राहतो आणि इंजिन न गाळलेलं ऑइल पीत राहतं. शिवाय हेड आणि टर्बोपर्यंत पोचायलाही उशीर. म्हणजे ज्या खडखडाटासाठी जाड ऑइल घातलं, तोच लांबतो. बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं, मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल हवं. त्यात तडजोड नाही.

मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा बघून फिल्टर निवडणारे पुष्कळ आहेत. डब्याच्या खोक्यावर ‘२० मायक्रॉन’ असं छापलेलं असतं, पण त्या मापाचे किती टक्के कण अडतात हे नसेल तर तो आकडा पोकळ आहे. या मोजणीसाठी आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे. फिल्टर किती कण अडवतो ते ‘बीटा’ या आकड्यात सांगतात. बीटा २ म्हणजे त्या मापाचे निम्मे कण अडले, बीटा ७५ म्हणजे ९८.७ टक्के, बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. दोन डब्यांवर २० मायक्रॉन लिहिलेलं असूनही एक ५० टक्क्यांचा आणि दुसरा ९९ टक्क्यांचा असू शकतो. कॅटलॉगमध्ये हा टक्का देणाऱ्या उत्पादकाला मी नेहमी झुकतं माप देतो. कागदाऐवजी काचतंतूंचा सिंथेटिक मीडिया असेल तर बारीक गाळूनही प्रवाह फारसा अडत नाही. साध्या कागदात बारीक गाळणी केली की प्रवाहाला अडथळा वाढतो.

फिल्टरला चुंबक लावण्याचीही फॅशन आहे. लावलं तर बिघडत काही नाही, पण ते फक्त लोखंडाचा कीस धरतं. फुफाट्यातली वाळू चुंबकाला भीक घालत नाही, आणि ऑफ-रोड गाडीचा खरा शत्रू तीच. वाळूतलं क्वार्ट्ज बेअरिंगच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण असतं. ते ऑइलमध्ये येतं मुख्यतः हवेच्या वाटेने: एअर फिल्टर नीट बसलेला नाही, खोक्याची क्लिप तुटलीय, किंवा टर्बोकडे जाणाऱ्या रबरी नळीचा क्लॅम्प ढिला आहे. ऑइल फिल्टर वारंवार लवकर भरत असेल तर महाग डबा घेण्याआधी एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणाऱ्या नळीच्या आत स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ उमटली तर ऑइल फिल्टर कितीही चांगला घ्या, उपयोग नाही.

लांब डबा लावावा का?

त्याच आट्यांचा, त्याच गॅस्केटचा, त्याच बायपासचा पण उंचीला जास्त असा डबा मिळत असेल तर त्यात कागद जास्त, कचरा साठवायची जागाही जास्त. कल्पना चांगली आहे, पण पिकअपच्या खाली वाकून बघितल्याशिवाय अमलात आणू नये. डबा स्किड प्लेटच्या (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) किंवा क्रॉस मेंबरच्या (चॅसीचा आडवा दांडा) खाली डोकावू लागला तर पहिल्याच खडकाळ ओढ्यात त्याला पोचा पडेल. स्टेअरिंगचे दांडे आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट पूर्ण हालचालीत डब्याला घासत नाहीत ना, तेही बघा. शंका असेल तर मूळ उंचीचाच डबा घ्या आणि लवकर बदला.

डुप्लिकेटबद्दल थोडंच. मूळ कंपनीच्या नावाचा डबा अधिकृत काउंटरवरून, बिलासकट घ्या. छपाई पुसट, गॅस्केट खाचेत डुगडुगतंय, तोंडावर प्लॅस्टिकचं झाकण नाही, वजनाला हलका वाटतोय, यातलं काहीही दिसलं तर परत करा.

फिल्टरवर ढकलली जाणारी इतर दुखणी

तीव्र चढावर किंवा गाडी एका बाजूला फार कलल्यावर दिवा चमकत असेल तर दोष बहुधा फिल्टरचा नाही. चेंबरमधलं ऑइल एका टोकाला जातं आणि शोषण पाइपचं तोंड उघडं पडतं. डिपस्टिकवर पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर असं लवकर होतं, म्हणून डोंगरात जाण्याआधी पातळी वरच्या खुणेपर्यंत करून घ्या. खुणेच्या वर मात्र नको, कारण क्रँक ऑइल घुसळून फेस करतो आणि फेसाला दाब येत नाही. चढावर दिवा लागलाच तर इंजिन बंद करा आणि ऑइल स्थिरावल्यावर, पातळी बघून, मग पुढचं ठरवा.

बीएस ६ गाडी फोर-लोमध्ये (फोर बाय फोरचा सर्वात हळू, जास्त ताकदीचा गियर) तासन् तास रेंगाळली की डीपीएफची सफाई अर्धवट राहते आणि जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. मग पातळी चक्क वाढलेली दिसते. डिपस्टिक वासाला डिझेलची आणि बोटाला पातळ लागत असेल तर फिल्टर नाही, ऑइल बदला. ओढ्यात पाणी वर चढलं असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही लगेच बदलायचे, कारण साधा कागद पाण्याने फुगतो आणि वाट अडवतो.

बदलायची मुदत किलोमीटरवर मोजली की इथे फसगत होते. फोर-लोमध्ये ताशी ५ किलोमीटरने १०० किलोमीटर म्हणजे इंजिनाचे २० तास. तेवढ्या तासांत हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने १,२०० किलोमीटर झाले असते. ओडोमीटर १०० म्हणतोय म्हणून ऑइल ताजं राहत नाही. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी वेगळी, कमी मुदत दिलेली असते. तीच तुमची समजा.

योग्य फिल्टर लावूनही दिवा रेंगाळला तर

दिव्याच्या स्विचच्या जागी साधा काट्याचा गेज लावून दाब मोजा. गॅरेजमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला आणि २,००० आरपीएमला किती दाब येतो ते लिहून घ्या आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या आकड्यांशी ताडून पाहा. गरम असताना दाब बरोबर आणि फक्त सकाळी उशीर, असं असेल तर ऑइल कुठून तरी परत उतरतंय. गरम असतानाच दाब कमी असेल तर मात्र पंप किंवा बेअरिंगकडे वळायला हरकत नाही. त्याच्या आधी नाही.

आणि चेंबर उतरवायचा निर्णय घेण्याआधी जुना फिल्टर कापून बघा. हॅकसॉने नको, पात्याचा कीस कागदावर पडतो आणि तोच इंजिनाचा वाटतो. फिल्टर कापायचा गोल कटर मिळतो, पाइप कटरसारखा. कागदाच्या घड्या पसरून उन्हात धरा. काळी काजळी डिझेलला स्वाभाविक आहे. मोजके बारीक चमकणारे कणही चालतात. कागदातला कीस चुंबकाला चिकटला तर लोखंड किंवा पोलाद, न चिकटणारा चंदेरी असेल तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा वरचा थर. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा आतला थर उघडा पडलाय. असा फिल्टर हातात आला तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या, आणि कापलेला कागद पिशवीत घालून मिस्त्रीला दाखवा.